जुने रॅचेट रिंग पाने : आजच्या कामात त्यांचा उपयोग किती?

अवजारप्रेमी :

नमस्कार मंडळी. पुण्याच्या जुन्या बाजारात मला अमेरिकी बनावटीच्या रॅचेट रिंग पान्यांचा, म्हणजे नटावरून न उचलता हात मागेपुढे करून नट एकाच दिशेने फिरवणाऱ्या पान्यांचा, एक संच मिळाला. मापे इंची आहेत आणि प्रत्येक पान्याच्या दोन टोकांना दोन मापे आहेत : १/४ व ५/१६, ३/८ व ७/१६, १/२ व ९/१६, ५/८ व ११/१६ आणि ३/४ व ७/८. बांधणी जुन्या पद्धतीची, म्हणजे पोलादाच्या सपाट पट्ट्या एकावर एक ठेवून रिव्हेटने जोडलेल्या, दोन पट्ट्यांच्या मध्ये दात्यांचे कडे आणि त्या कड्याला अडवणारा स्प्रिंगचा खटका. दिशा बदलण्यासाठी वेगळी कळ नाही. पाना उलटा करून नटावर बसवला की तो विरुद्ध दिशेने काम करतो.

माझे काम घरगुती स्वरूपाचे असते. दोन मोटारसायकली, सोसायटीच्या पंपघरातील किरकोळ दुरुस्ती आणि मित्रांची मिळेल ती यंत्रे एवढाच त्याचा पसारा. बाजारात आता ७२ दात्यांचे, बारीक डोक्याचे रॅचेट पाने मिळत असताना या जाडजूड पान्यांना कामाच्या पेटीत जागा द्यावी का, हा माझा प्रश्न आहे. माझा कल जागा द्यावी असाच आहे, परंतु ज्यांनी असे पाने प्रत्यक्ष वापरले आहेत त्यांच्याकडून कुठे वापरावेत आणि कुठे टाळावेत हे समजून घ्यायचे आहे.

नाशिककर :

मी कारखान्याच्या देखभाल विभागात काम करतो आणि माझे उत्तर स्पष्ट आहे : रोजच्या कामाला हे पाने घेऊ नयेत. पहिले कारण मापाचे आहे. आपल्याकडच्या मोटारसायकलींवर आणि छोट्या यंत्रांवर १०, १२, १३ आणि १७ मिलिमीटरचे पाने सर्वाधिक लागतात आणि नेमकी हीच मापे आपल्या संचात नाहीत. ३/८ म्हणजे ९.५३ मिलिमीटर, तो १०च्या नटावर चढतच नाही. १/२ म्हणजे १२.७, तो १३वर चढत नाही आणि १२वर इतका सैल बसतो की जोर दिला की नट गोल झालाच म्हणून समजा.

दुसरे कारण डोक्याच्या आकाराचे. कडे, खटका आणि वरखालच्या पट्ट्या या सगळ्यांना सामावून घेण्यासाठी जुन्या पान्याचे डोके रुंद ठेवावे लागत असे. आजच्या इंजिनात दोन बोल्टांमध्ये जेवढी जागा सोडलेली असते तेवढ्यात ते डोके बसत नाही. टपारियाच्या साध्या खोल वाकाच्या रिंग पान्यांचा एक मेट्रिक संच आणि त्याच्या जोडीला १०, १२, १३ असे तीन आधुनिक रॅचेट पाने घ्यावेत. हा जुना संच एखाद्या जीपवाल्याला द्यावा, तो आनंदाने घेईल.

अभियंता_रेषा :

नाशिककर यांनी मापाबद्दल लिहिले आहे ते योग्यच आहे, पण ते अर्धेच आहे. या संचातील काही मापे मेट्रिक नटांवर चांगली बसतात. ५/१६ म्हणजे ७.९४ मिलिमीटर; पान्याचे तोंड नेहमी नाममात्र मापापेक्षा किंचित मोठे आणि नट किंचित लहान ठेवलेला असतो, म्हणून तो ८च्या बहुतेक नटांवर चढतो. ७/१६ म्हणजे ११.११, तो ११वर चालतो. ९/१६ म्हणजे १४.२९, तो १४वर चालतो. ३/४ म्हणजे १९.०५, तो तर १९च्या नटासाठीच बनवला असावा इतका नीट बसतो. ७/८ म्हणजे २२.२३, तो २२वर चालतो. ५/८ म्हणजे १५.८८, तो १६च्या एखाद्या नटावर चढेल आणि एखाद्यावर चढणार नाही. ११/१६ म्हणजे १७.४६, तो १७वर सैल आहे; त्याचा मोह धरू नये.

आता दात्यांविषयी. कड्याला २४ दाते असतील तर खटका दर १५ अंशांनी पकडतो, ३६ असतील तर दर १० अंशांनी आणि ७२ असतील तर दर ५ अंशांनी. हात २०० मिलिमीटर लांब धरला तर त्याचे टोक १५ अंशांसाठी सुमारे ५२ मिलिमीटर हलवावे लागते आणि ५ अंशांसाठी सुमारे १७. शिवाय जुन्या पान्यात झीज झाल्यामुळे काही अंशांची मोकळी हालचाल असते, ती यात मिळवावी लागते. अर्थात भिंतीलगत किंवा दोन नळ्यांच्या बेचक्यात काम असेल तर नवा पाना निर्विवाद सरस ठरतो.

मात्र तुलना साध्या पान्याशी केली तर चित्र पालटते. बारा कोपऱ्यांचा साधा रिंग पाना ३० अंश फिरवून काढून पुन्हा बसवावा लागतो. फिक्स (उघड्या तोंडाच्या) पान्याचे तोंड १५ अंश तिरके असते, म्हणून तो दर वेळी पालथा करून ३० अंशांच्या फेरीत काम भागते. २४ दात्यांचा जुना रॅचेट पाना त्याच्या निम्म्या फेरीत काम करतो आणि नटावरून उचलावाही लागत नाही. तेव्हा ७२ दात्यांच्या तुलनेत तो मागे पडत असला, तरी पेटीतल्या बाकीच्या पान्यांच्या पुढेच आहे.

भोसरीचा_टर्नर :

उपयोग कुठे करायचा ते नंतर पाहू. आधी ते पाने धड आहेत का ते तपासा, कारण रॅचेट दगा देतो तो नेहमी पूर्ण जोर लावलेला असताना, आणि तेव्हा बोटांची सालपटे निघतात.

प्रथम पाना रॉकेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवावा. जुने ग्रीस आत सुकून डिंकासारखे झालेले असते आणि त्यामुळे खटका अर्धवट उठतो. सकाळी जुन्या दात घासायच्या ब्रशने दोन्ही बाजूंनी घासावे, कडे दोन्ही दिशांना फिरवत राहावे आणि काळे पाणी येणे थांबले की हवा मारून कोरडे करावे. नंतर शिवणयंत्राचे तेल दोन-तीन थेंब एवढेच. ग्रीस भरू नये. थंडीत ते घट्ट होते आणि त्यात लोखंडाचा कीस अडकून राहतो.

मग परीक्षा. व्हाइसमध्ये एक चांगला बोल्ट घट्ट धरावा, पाना त्यावर बसवावा आणि हाताने सावकाश जोर द्यावा. झटका देऊ नये. खटका दात्याच्या मुळाशी पूर्ण बसला असेल तर हाताला भरीव लागते. टोकावर अडकला असेल तर जोर देताच बारीक चर्रर्र असा आवाज येतो. कड्यावर खडूने एक खूण करून एकेक दाता पुढे घ्यावा आणि पूर्ण फेरीत प्रत्येक दात्यावर हीच परीक्षा करावी. जुन्या पान्यात सगळे दाते सारखे झिजलेले नसतात. एकाच जागी दोन-तीन दाते मोडलेले असतात आणि दुकानात उभ्याने एकदा फिरवून पाहणाऱ्याच्या ते लक्षात येत नाही.

तडा तपासण्यासाठी आमच्या कारखान्यातली जुनी रीत सांगतो. कडे रॉकेलने भिजवावे, फडक्याने अगदी कोरडे पुसावे आणि त्यावर खडूची बारीक पूड चोळावी. तडा असेल तर त्यात मुरलेले रॉकेल थोड्या वेळाने वर येते आणि पांढऱ्या पुडीत काळपट रेघ उमटते. ही रेघ बहुतेक वेळा आतल्या कोपऱ्यापासून बाहेरच्या दात्याच्या मुळाकडे जाते, कारण सर्वात कमी पोलाद तिथे असते. अशी रेघ दिसलेला पाना कामाला घेऊ नये, तो कितीही सुंदर असो.

अवजारप्रेमी :

टर्नरसाहेब, मनापासून आभार. खडूच्या पुडीची रीत मला ठाऊक नव्हती, आजच करून पाहतो. ५/८ व ११/१६ या पान्याच्या एका टोकाचा खटका परत येत नाही. रिव्हेट काढून आत पाहता येईल का?

भोसरीचा_टर्नर :

येईल, आणि जुन्या बांधणीचा हाच मोठा गुण आहे. आधी दोन वेळा रॉकेलने धुऊन पाहा. निम्म्या वेळा स्प्रिंग शाबूत असते आणि नुसता मळ अडकलेला असतो. त्याने काम झाले नाही तर रिव्हेटचे ठोकून पसरवलेले डोके ड्रिलने हलके काढावे, पट्टीतले भोक मोठे होऊ देऊ नये आणि पट्ट्या अलग करताना प्रत्येक भाग कुठल्या बाजूने बसला होता याचा मोबाइलवर फोटो घ्यावा. स्प्रिंग तुटली असेल तर त्याच जाडीच्या पियानो तारेची नवी वळवता येते. खटक्याची दोन्ही टोके सारखी असतील तर तो उलटून बसवावा, म्हणजे न झिजलेली कड कामाला येते. कड बोथट झाली असेल तर बारीक पाणदगडावर थोडीशी घासावी. कानस तिथे चालत नाही, कारण खटका कडक केलेला असतो. ग्राइंडरवर धरला तर तापून त्याचा कडकपणा जाईल. जोडताना मऊ पोलादाचे नवे रिव्हेट वापरावेत आणि ठोकताना दोन पट्ट्यांमध्ये कागदाच्या जाडीची फट राहील असे पाहावे, नाहीतर कडे आवळले जाते.

आजचे बरेचसे पाने एकसंध घडवलेल्या डोक्याचे असतात आणि त्यांचे कडे बारीक वळ्याने अडवलेले असते. ते वळे काढता येते, पण आतला बारीक दात्यांचा खटका हाताने बनवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे आणि सुटा मिळणेही अवघड असते.

जीपवाला :

नाशिककर यांनी आमची आठवण काढली, त्यामुळे लिहिणे भाग आहे. माझ्याकडे विलिसच्या वंशातली जुनी महिंद्रा जीप आहे. तिच्यावरचे नटबोल्ट इंची आहेत आणि एकदा जोड्या पाठ झाल्या की काम सोपे होते : पाव इंच आट्यांच्या बोल्टला ७/१६चा पाना, ५/१६ला १/२, ३/८ला ९/१६ आणि अर्ध्या इंचाला ३/४. म्हणजे या धाग्यात ज्या १/२च्या पान्याला निरुपयोगी ठरवले जात आहे, तोच माझ्या गाडीच्या टपापासून गिअरबॉक्सच्या झाकणापर्यंत सगळीकडे लागतो.

सपाट पान्याचा जीपवर खरा फायदा सायलेन्सरच्या यू-क्लॅम्पवर दिसतो. क्लॅम्पचे दोन्ही आटे नटाच्या बाहेर दोन-दोन बोटे आलेले असतात. साधी गोटी (सॉकेट) त्यावर बुडाला टेकते आणि नटापर्यंत पोहोचतच नाही. खोल गोटी लावली तर वर रॅचेटचा हात येतो आणि तो चासीला अडतो. रॅचेट रिंग पान्याच्या आरपार भोकातून आटा निघून जातो आणि पाना नटाबरोबर खाली उतरत जातो. गाडीखाली पाठीवर पडून, डोळ्यांत गंजाची पूड पडत असताना पाना न उचलता नट शेवटपर्यंत उतरवता येणे ही फार मोठी सोय आहे. त्या जागी ७२ दाते असोत की २४, मला काही फरक पडत नाही, कारण तिथे हात हलवायला भरपूर जागा असते.

जुनी_बुलेट :

जीपवाले यांचे वाचून एक शंका आली. माझी बुलेट जुनी, मद्रासमध्ये बनलेली आहे आणि तिचेही नटबोल्ट मेट्रिक नाहीत. मग हा संच मलाही चालेल का?

अभियंता_रेषा :

चालणार नाही, आणि ही गल्लत अनेकांची होते म्हणून सविस्तर लिहिते. इंची पान्यांचे दोन वेगळे संसार आहेत. अमेरिकी पान्यावरचा आकडा नटाच्या समोरासमोरच्या दोन बाजूंमधले अंतर सांगतो. जुन्या ब्रिटिश पान्यावर, म्हणजे व्हिटवर्थ पद्धतीच्या पान्यावर, कोरलेला आकडा बोल्टच्या आट्यांचा व्यास सांगतो. व्हिटवर्थचा पाव इंचाचा पाना तोंडाशी १३.३ मिलिमीटर असतो, ५/१६चा सुमारे १५.२, ३/८चा सुमारे १८ आणि अर्ध्या इंचाचा सुमारे २३.४. अवजारप्रेमी यांच्या संचातले कोणतेही टोक यांपैकी कशावरही नीट बसणार नाही. त्यातच दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पोलाद वाचवण्यासाठी ब्रिटिशांनी नटांची डोकी एका मापाने लहान केली, म्हणून एकाच पान्यावर दोन आकडे कोरलेले आढळतात.

ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडा यांनी १९४८ मध्ये आट्यांचे एकच प्रमाण स्वीकारले, त्यानंतर बनलेल्या अनेक ब्रिटिश गाड्यांवर अमेरिकी पाने चालतात. तुमची बुलेट मूळ जुन्या ब्रिटिश आराखड्यावर चालत आलेली आहे. तिच्यासाठी व्हिटवर्थ मापाचेच पाने शोधावेत आणि प्रत्येक नट व्हर्निअरने मोजूनच पाना उचलावा, कारण मधल्या एखाद्या मालकाने त्यात मेट्रिक बोल्टही घातलेले असू शकतात.

जुनी_बुलेट :

रेषाताई, हे वाचून माझ्या गाडीवरच्या निम्म्या गोल झालेल्या नटांचा उलगडा झाला. आभारी आहे.

वातानुकूल :

या धाग्यात अजून ज्याचा उल्लेख झाला नाही असा एक जुना रॅचेट पाना आजही माझ्या खिशात असतो, म्हणून लिहितो. शीतकरणाच्या कामात कॉम्प्रेसरच्या सर्व्हिस व्हॉल्व्हची दांडी चौकोनी असते. ती उघडझाप करण्यासाठी चौकोनी भोकांचा छोटा रॅचेट मिळतो. त्यात एका बाजूला १/४ व ३/१६ आणि दुसऱ्या बाजूला ३/८ व ५/१६ अशी चार मापे असतात आणि दिशा बदलायला बारीक कळ असते. शीतगृहे, बर्फाचे कारखाने आणि मोठी यंत्रे यांच्या कामाला गेलो की हा पाना काढावाच लागतो. घरगुती स्प्लिट यंत्रांच्या व्हॉल्व्हला आता टोपीखाली षटकोनी खाच असते आणि तिथे एलन की चालते, त्यामुळे नव्या मुलांना हा पाना ठाऊक नसतो. ते चिमट्याने दांडी फिरवतात, चौकोनाचे कोपरे मारतात आणि मग तो व्हॉल्व्ह कायमचा बाद होतो.

या कामात रॅचेटचा आणखी एक गुण आहे. व्हॉल्व्ह पाव-पाव फेरीने उघडायचा असतो आणि एक डोळा सतत दाब दाखवणाऱ्या गेजवर ठेवायचा असतो. पाना दांडीवरून न उचलता अंदाजाने थोडे मागेपुढे करता येते. इथे दाते जाड असणे उलट सोयीचे वाटते, कारण प्रत्येक टिकटिक बोटांना स्पष्ट जाणवते आणि न पाहता मोजता येते.

नाशिककर :

जीपवाले आणि वातानुकूल यांचे मुद्दे मला मान्य आहेत. तरीही जोराच्या बाबतीत माझा आक्षेप कायम आहे. जुन्या रॅचेट पान्यात सगळा भार एका खटक्याच्या एका-दोन दात्यांवर येतो. गंजलेला नट सोडवताना किंवा शेवटचा आवळ देताना तो भार खटक्यावर टाकणे अयोग्य आहे. पान्यात पाइप घालून हात वाढवणे आणि हातोडीने ठोकणे हे तर पूर्ण वर्ज्य समजावे. आमच्या विभागात पद्धत अशी आहे की नट साध्या रिंग पान्याने फोडायचा, म्हणजे त्याची पहिली घट्ट पकड सोडवायची, रॅचेटने उतरवायचा, बसवताना रॅचेटने खाली न्यायचा आणि शेवटी रिंग पान्याने किंवा टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून देणाऱ्या पान्याने) आवळायचा.

भोसरीचा_टर्नर :

यात दुमत नाही. रॅचेट पाना धाव घेण्यासाठी आहे, झुंज देण्यासाठी नाही.

माणदेशी :

आमच्याकडे जुना मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आहे, त्याच्यावर इंची आणि अवजारांवर मेट्रिक असा दुहेरी कारभार चालतो. ९/१६ आणि ३/४ ही दोन मापे ट्रॅक्टरवर सारखी लागतात आणि तोच ३/४चा पाना अवजारांच्या १९च्या नटांनाही चालतो, हे रेषाताईंनी लिहिले ते आमच्या रोजच्या वापरातले आहे. पेरणीच्या तोंडावर फणांमधले अंतर बदलायचे असते तेव्हा लोखंडी चौकटीवरचे यू-बोल्ट एकामागून एक सैल करून सरकवावे लागतात. आटे लांब, वर माती बसलेली आणि दिवस मावळायला आलेला. त्या वेळी रॅचेट पान्याने काम निम्म्या वेळात होते. फक्त आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करावेत आणि काम झाल्यावर पाना धुवावा. माती हीच याची वैरी आहे. पट्ट्यांच्या फटीतून ती आत जाते आणि खटका अडकतो.

आता एक धोका सांगतो, जो कुणी लिहिलेला दिसत नाही. आमच्या गावातले मिस्त्री एकदा इंजिनाच्या पुढच्या बाजूचा एक लांब बोल्ट रॅचेट पान्याने सोडवत होते. बोल्ट बाहेर येत येत त्याचे डोके समोरच्या रेडिएटरच्या पट्टीला टेकले. पाना डोक्यावरून निघेना, कारण पुढे जागाच उरली नव्हती. पाना उलटा करायचा तर आधी काढायला हवा. दिशेची कळ नसल्यामुळे तो फक्त सोडवण्याच्या दिशेनेच ओढत होता. मागच्या बाजूने पक्कडीत बोल्ट धरून आत फिरवावा तर पान्याचा हातही त्याबरोबर फिरे आणि इंजिनाला अडे. हात मागे आणावा तर बोल्ट पुन्हा बाहेर येई. शेवटी रेडिएटरची पट्टी सोडून पुढे सरकवावी लागली, तेव्हा तो पाना सुटला. म्हणून समोर अडथळा असेल तिथे बोल्ट किती लांब आहे आणि डोक्यापुढे किती जागा आहे हे बोटाने चाचपून मगच असा पाना लावावा.

अभियंता_रेषा :

माणदेशी यांचा हा प्रतिसाद धाग्यातला सर्वात महत्त्वाचा आहे असे मला वाटते. नव्या पान्यांतही ज्यांना कळ नाही त्यांना हा धोका तितकाच आहे. वाकडे डोके असलेल्या नव्या पान्यांना बहुधा कळ दिलेली असते, कारण वाकडा पाना उलटा केला की त्याचा हात पृष्ठभागावर घासतो. जुना पाना सपाट असल्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखाच बसतो, म्हणून त्याला कळीची गरज वाटली नाही. पण अशा कोंडीत तीच कळ उपयोगी पडली असती.

ग्रेट_लेक्स :

मी मिशिगनमध्ये राहतो. इथे घराबाहेर मांडलेल्या जुन्या सामानाच्या विक्रीत हे पाने नेहमी दिसतात, विशेषतः सिअर्सच्या क्राफ्ट्समन नावाखाली विकलेले. अमेरिकी घरांत मेट्रिक आणि इंची असे दोन्ही संच लागतात. गवत कापायची यंत्रे, बोटीच्या ट्रेलरचे नट, जुने ट्रक यांच्यावर १/२, ९/१६ आणि ३/४ हीच मापे भेटतात. त्यामुळे इथे जुन्या संचाला अजूनही काम आहे.

१९९०च्या दशकात गिअररेंच या नावाचे ७२ दात्यांचे, साध्या रिंग पान्याइतक्या बारीक डोक्याचे पाने आले आणि मेकॅनिक मंडळींनी जुने सपाट पाने खालच्या खणात टाकले, ते योग्यच होते. मात्र एका क्षेत्रात जाड बांधणीचा रॅचेट टिकून राहिला : विजेच्या खांबांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या पट्ट्यावर. मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल ही कंपनी १८६९ पासून रॅचेट पाने बनवत आली आहे आणि आजही खांबावरच्या कामासाठी ते पुरवते. खांबाच्या आरपार गेलेल्या बोल्टचा आटा पुष्कळ बाहेर आलेला असतो आणि तिथे आरपार भोकाचा पाना लागतोच. आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये परांची बांधणारे कामगारही क्लॅम्पच्या नटांसाठी २१ मिलिमीटरचा जाड रॅचेट कमरेला लावून फिरतात. म्हणजे आरपार भोक, मोकळी जागा आणि लांब आटे या तीन गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे ही जुनी रचना अजून पहिल्या पसंतीची आहे.

लाइनमनचा विषय निघाला म्हणून एक सूचना : हे पाने उघड्या पोलादाचे असतात. विजेच्या कामात प्रवाह बंद केल्याची खात्री झाल्याखेरीज ते हातात घेऊ नयेत.

नवी_सभासद :

मी सायकलींची दुरुस्ती करते. माझ्याकडच्या एका जुन्या रॅचेट पान्याने सैल नट फिरवताना पाना मागे आणला की नटही मागे येतो. पाना बिघडला आहे का?

भोसरीचा_टर्नर :

बिघडलेला नसावा. खटका दात्यांवरून मागे सरकताना थोडा ओढा निर्माण होतो. नटाचा आट्यांवरचा घट्टपणा त्या ओढ्यापेक्षा कमी असेल तर नट पान्याबरोबर मागे येणारच. जुन्या पान्यांत स्प्रिंग जड असते म्हणून हे जास्त जाणवते. नट बोटाने आधी आटे पकडेपर्यंत बसवावा, किंवा पाना मागे आणताना नटाच्या वरच्या कडेवर बोटाचे टोक दाबून धरावे. धुऊन हलके तेल दिल्यावर ओढा बराच कमी होतो. त्यानंतरही तो फार असेल तर स्प्रिंग मूळची नसून कुणीतरी जाड तारेची घातली आहे असे समजावे.

अवजारप्रेमी :

सर्वांचे आभार. खडूची परीक्षा केली. ३/८ व ७/१६ या पान्याच्या मोठ्या टोकाला कोपऱ्यातून बारीक काळी रेघ उमटली, म्हणून तो पाना बाजूला काढला आहे. ५/८ व ११/१६ या पान्याचा खटका दुसऱ्यांदा धुतल्यावर चालू लागला, रिव्हेट काढावे लागले नाहीत.

पंपघरात जाऊन सगळे नट मोजले. पंपाच्या पायाच्या बोल्टांचे आणि पाइपच्या यू-क्लॅम्पचे नट १९चे निघाले. आटे लांब आहेत, हात हलवायला जागा आहे आणि समोर कसलाही अडथळा नाही. तेव्हा ३/४ व ७/८ हा पाना आता पंपघराच्या पेटीत कायमचा राहील. त्याच्या जोडीला नट फोडण्यासाठी आणि शेवटचा आवळ देण्यासाठी १९चा साधा रिंग पाना ठेवला आहे. मोटारसायकलींसाठी नाशिककर यांचा सल्ला मानून १०, १२ आणि १३चे नवे पाने घेणार आहे. १/२ व ९/१६ या पान्याचे काय करावे हे ठरत नाही. ९/१६चे टोक १४च्या नटासाठी ठेवावे असे वाटते, पण १४चा साधा रिंग पाना माझ्याकडे आधीच आहे.

नाशिककर :

१४च्या नटावर ९/१६चा पाना फक्त सैल झालेला नट उतरवायला वापरावा. पाव मिलिमीटरपेक्षा जास्त फट राहते आणि बारा कोपऱ्यांच्या रिंगमध्ये तेवढी फट जोराखाली नटाचे कोपरे खायला पुरेशी असते. १९वर ३/४ आणि १४वर ९/१६ या दोन गोष्टी सारख्या नाहीत.

जीपवाला :

अवजारप्रेमी, १/२ व ९/१६चा पाना ठेवायचा नसेल तर मला द्यावा. माझ्याकडच्या त्याच मापाच्या पान्याचे १/२चे कडे एका जागी दोन दाते सोडून देते आणि टर्नरसाहेबांनी सांगितलेली खडूची खूण करून पाहिल्यावर ते नेमके कुठे हे आज कळले. बदल्यात माझ्याकडे १३चा न वापरलेला रॅचेट पाना आहे.

अवजारप्रेमी :

मान्य आहे. आपला पत्ता व्यक्तिगत संदेशात कळवावा. पाना तेल देऊन, कोरड्या कागदात गुंडाळून पाठवतो.